पोती मोजून भरता, फोटोही मोजूनच हलवा
जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी एवढं कराच

बाजार समितीत माल न्यायचा असला की आपण काय करतो? खळ्यावर पोती मोजतो, वहीत आकडा टाकतो, गाडीत भरताना पुन्हा मोजतो आणि अडत्याच्या दारात उतरवताना तिसऱ्यांदा मोजतो. एक पोतं कमी भरलं तरी ड्रायव्हरला जाब विचारतो. पण घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरचे दहा-पंधरा वर्षांचे फोटो नव्या लॅपटॉपवर न्यायची वेळ आली, की ना मोजणी ना वही. 'पोरगं करतंय, बरोबरच करत असेल,' म्हणून आपण चहा पीत बसतो. घात होतो तो इथंच.

हा विषय आत्ताच काढायचं कारण आहे. बऱ्याच घरांतल्या कॉम्प्युटरवर 'विंडोज टेन' ही प्रणाली आहे. तिचा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्ट कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेल्या बहुतेक कॉम्प्युटरवर पुढची 'विंडोज इलेव्हन' रीतसर बसतही नाही. त्यामुळं गावोगाव जुनी मशीनं पडवीत निघाली आहेत आणि नवे लॅपटॉप घरात येत आहेत. मशीन बदललं तर काही बिघडत नाही. पण त्याच्या पोटात काय आहे, ते आधी बघा.

आमच्याच घरची गोष्ट

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी स्वतःची चूक कबूल केलेली बरी. आमचं गाव कृष्णाकाठी. थोरल्या बंधूंनी २०१० साली पोरांच्या शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेतला. त्यावर घरचे सगळे फोटो. धाकट्या बहिणीचं लग्न, विहिरीला पाणी लागलं तो दिवस, बेंदराला सजवलेली बैलं आणि त्या बैलांच्या मधोमध फेटा बांधून उभे असलेले आमचे वडील. वडील २०१३ साली गेले. त्यांचा हसरा म्हणावा असा तेवढा एकच फोटो.

२०२२ च्या मे महिन्यात पुतण्याला पुण्यात नोकरी लागली आणि घरात लॅपटॉप आला. बंधूंनी आठवडी बाजारातनं स्वस्तातला एक पेनड्राइव्ह आणला आणि जुन्या मशीनवरचे फोटो 'कट' करून त्यात टाकायला सुरुवात केली. 'कॉपी' का नाही केलं? तर म्हणे, जुनी जागा आपोआप मोकळी होईल. निम्मं काम झालं असेल-नसेल, तोच लाईट गेली. मशीनला ना बॅटरी ना इन्व्हर्टर. तासाभरानं लाईट आली तेव्हा पेनड्राइव्ह 'फॉरमॅट करा' म्हणायला लागला, आणि जुन्या कॉम्प्युटरवर २०१० ते २०१४ चे कप्पे रिकामे.

त्यावर कडी म्हणजे घाबरून आम्ही त्याच मशीनवर 'गेलेले फोटो परत आणा' असले दोन-तीन प्रोग्रॅम उतरवून बसवले. पुढं तालुक्याच्या दुरुस्तीवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला. तो म्हणाला, "काका, पुसलेला फोटो डिस्कवर लगेच मरत नाही, त्याच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मरतो. तुम्ही नांगरलेल्या रानावर पुन्हा नांगर घातलात." त्यानं खटपट करून काही फोटो परत काढून दिले, पण त्यांत वडील नव्हते. पेनड्राइव्हमधनं तर काहीच निघालं नाही. त्या दिवसापासनं जे शिकलो, ते इथं मांडतो.

आधी फोटो कुठं कुठं आहेत ते हुडका

पहिलं काम हलवायचं नव्हे, हुडकायचं. जुन्या कॉम्प्युटरवर फोटो एका जागी कधीच नसतात. 'पिक्चर्स' नावाच्या कप्प्यात काही, 'डेस्कटॉप'वर काही, 'डाउनलोड्स'मध्ये काही आणि 'डी' ड्राइव्हमध्ये पोरांनी आपापल्या नावानं ठेवलेले काही. एकाच मशीनवर घरातल्या दोघा-तिघांची वेगवेगळी खाती असतील तर प्रत्येकाचं 'पिक्चर्स' वेगळं असतं, ते प्रत्येक खात्यात जाऊन बघावं लागतं. शोधायच्या खिडकीत 'जेपीजी' ही अक्षरं इंग्रजीत टाकलीत तर मशीन स्वतः बरेचसे फोटो दाखवतं.

डेस्कटॉपवर 'फोटो' नावाचं चित्र दिसतं आणि त्याच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, तो कप्पा नव्हे, ती नुसती पाटी. रस्त्यावरची गावाच्या नावाची पाटी उपटून घरी आणली म्हणून गाव घरी येत नाही. बाण असलेली पाटी पेनड्राइव्हमध्ये टाकून कितीतरी जण 'काम झालं' म्हणून उठले आहेत. सायबर कॅफेत फिरून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये कधी कधी एक व्हायरस असतो. तो खरे कप्पे लपवतो आणि त्यांच्या जागी असल्याच पाट्या लावतो. अशा वेळी घाबरून फॉरमॅट मारू नका आणि त्या पाट्यांवर क्लिकही करू नका. फोटो बहुतेक वेळा आतच लपलेले असतात. जाणकाराकडनं आधी व्हायरस काढून घ्या, मग लपलेल्या फाइली दिसतील अशी मांडणी करायला सांगा.

आणखी एक. लग्नाच्या आणि कार्यक्रमांच्या सीड्या-डीव्हीड्या कपाटात पडल्या असतील. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते. तेव्हा जुनं मशीन चालू आहे तोवर त्या सीड्या त्यावर उतरवून घ्या.

मोजा आणि वहीत लिहा

प्रत्येक कप्प्यावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि यादीत तळाशी असलेल्या 'प्रॉपर्टीज'वर जा. तिथं दोन आकडे मिळतील. आत किती फाइली आहेत आणि त्यांचं एकूण वजन किती. ते दोन्ही वहीत लिहा. 'मोबाईल फोटो, ३,४१२ फाइली, १२ जीबी', अशी सरळ नोंद. ही तुमची काट्यावरची पावती. पुढं माल उतरवताना हीच पावती कामाला येते.

वजनाचा अंदाज असा. हल्लीच्या साध्या मोबाईलचा फोटो सुमारे ३ ते ५ एमबीचा असतो. ४ एमबी धरला तर एका जीबीत अडीचशे बसतात आणि ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सात-साडेसात हजार. लग्नाचे व्हिडिओ असतील तर मात्र हिशेब एकदम वाढतो. जुन्या पद्धतीनं, म्हणजे 'फॅट ३२' मांडणीनं तयार केलेल्या पेनड्राइव्हमध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, जागा कितीही मोकळी असो. 'फाइल मोठी आहे' असं मशीन म्हणायला लागलं, तर पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' मांडणीनं फॉरमॅट करून घ्यावा लागतो. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं साफ, म्हणून हे काम माल भरण्याआधी करायचं.

पेनड्राइव्ह बियाण्यासारखा पारखून घ्या

बोगस बियाण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. पिशवीवर चित्र टपोऱ्या कणसाचं आणि शेतात उगवतं भलतंच. पेनड्राइव्हचं तसंच आहे. 'दोन टीबी' असं छापलेला पेनड्राइव्ह चार-पाचशे रुपयांत मिळाला तर समजून जा. आत खरी जागा थोडीच असते, पण तो मशीनला खोटा आकडा सांगतो. माल भरताना सगळं सुरळीत दिसतं, फाइलींची नावं दिसतात, मोजणीही बरोबर येते. उघडायला गेलं की फोटो उघडत नाही. तेव्हा ओळखीच्या दुकानातनं, पावती घेऊन, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. फोटो जास्त असतील तर बाहेरनं जोडायची हार्ड डिस्क बरी.

वेळही हाताशी ठेवा. साध्या पेनड्राइव्हवर सेकंदाला १० एमबी धरले, तर २० जीबी माल चढायला अर्ध्या तासाच्या वर लागतो. कॉम्प्युटरच्या मागं-पुढं निळ्या रंगाची खाच असेल आणि पेनड्राइव्हही त्याच जातीचा असेल, तर काम लवकर होतं. दोन कॉम्प्युटर एकमेकांना साध्या यूएसबी वायरीनं थेट जोडू नका. ती वायर त्यासाठी नसते, उलट मशीनला धोका होऊ शकतो. थेट जोडायचंच असेल तर जाळ्याची, म्हणजे लॅनची वायर वापरतात आणि ते काम माहितगाराकडनं करून घ्यावं.

'कट' नको, 'कॉपी'च

सगळ्यात महत्त्वाचं हे. 'कट' केलं की मशीन एकेक फोटो नव्या जागी ठेवतं आणि जुन्या जागेवरचा पुसत जातं. मध्येच लाईट गेली किंवा पेनड्राइव्ह हलला, तर इकडचाही गेला आणि तिकडचाही धड नाही. 'कॉपी' केलं की जुना जागेवरच राहतो. फार तर वेळ जाईल, फोटो जाणार नाही. कंट्रोल आणि सी, मग कंट्रोल आणि व्ही, एवढंच लक्षात ठेवा. कंट्रोल आणि एक्स या वाटेला जाऊच नका.

मध्येच मशीन विचारतं, 'या नावाची फाइल इथं आधीच आहे, जुनी बदलू का?' इथं घाईनं 'हो' म्हणणाऱ्यांचे फोटो गेले आहेत. कॅमेरा फोटोंना आकडे देतो. ९९९९ झाले की पुन्हा पहिल्यापासनं मोजायला लागतो. त्यामुळं बारशाचा 'शून्य शून्य बारा' आणि वास्तुशांतीचा 'शून्य शून्य बारा' हे वेगळे फोटो, पण नाव एकच. 'बदला' म्हटलं की एक दुसऱ्याच्या उरावर बसतो. म्हणून प्रत्येक कप्पा आपापल्या नावानं वेगळाच न्यावा, सगळे फोटो एका ढिगात ओतू नयेत.

लाईटचं वेळापत्रक बघून काम काढा. डेस्कटॉप मशीन असेल तर इन्व्हर्टरवर घ्या, लॅपटॉप असेल तर बॅटरी भरून घ्या. काम संपल्यावर पेनड्राइव्ह उपटून काढू नका. खालच्या कोपऱ्यात त्याला सोडवायची खूण असते, ती दाबून 'आता काढा' असं मशीननं सांगितल्यावरच काढा.

उतरवून घेताना पुन्हा मोजा

नव्या लॅपटॉपवर फोटो उतरले की पुन्हा 'प्रॉपर्टीज' उघडा आणि वहीतल्या आकड्याशी ताळा करा. फाइलींची संख्या जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर तो कप्पा पुन्हा कॉपी करा.

पण नुसत्या मोजणीवर जाऊ नका. पोत्यांची संख्या बरोबर आणि आत माती, असंही होतं. प्रत्येक कप्प्यातला पहिला, मधला आणि शेवटचा फोटो उघडून बघा. व्हिडिओ असेल तर शेवटापर्यंत पळवून बघा. बोगस पेनड्राइव्हचं पितळ इथं उघडं पडतं.

कॉपी केल्यावर फाइलीच्या 'तयार केल्याची तारीख' या रकान्यात आजची तारीख दिसते, म्हणून दचकू नका. कॅमेऱ्यानं फोटो कधी काढला ती तारीख फोटोच्या पोटात वेगळी असते आणि साध्या कॉपीनं ती जात नाही. मोबाईलवर जागेची नोंद चालू असेल तर फोटो कुठं काढला तेही आत असतं.

व्हॉट्सअॅपचा मोह टाळा

'एवढा खटाटोप कशाला, व्हॉट्सअॅपवर पाठवून देतो,' असं पोरं म्हणतात. पण नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आतली तारीख व जागेची नोंद निघून जाते. घरच्या गमतीच्या फोटोला चालेल. पण गारपिटीनं झोडपलेल्या बागेचा, बांध फोडल्याचा, पुरात खचलेल्या विहिरीचा फोटो असेल, तर त्या नोंदीतच त्याची किंमत असते. पाठवायचाच झाला तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फोटो जसाच्या तसा जातो. आणि मूळ प्रत आपल्याकडं ठेवाच.

सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक भाऊसाहेब, यांनाही एक विनंती. रस्ता, गटार, शाळेची खोली, पाझर तलाव, यांचे कामाआधीचे आणि कामानंतरचे फोटो बऱ्याचदा कुणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर पडलेले असतात. बदली झाली किंवा मशीन बदललं की गावाची ती नोंद गेली. मशीन बदलण्याआधी ते कप्पे कामाचं नाव आणि साल घालून ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर मोजून उतरवा. उद्या ग्रामसभेत कुणी विचारलं तर दाखवायला हाताशी पुरावा राहील.

मशीन चालूच होत नसेल तर

जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे फोटो गेले, असं समजू नका. बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचा डबा किंवा आतला मुख्य बोर्ड जळालेला असतो आणि हार्ड डिस्क ठणठणीत असते. इंजिन बंद पडलं म्हणून ट्रॉलीतला ऊस नासत नाही. दुरुस्तीवाला ती डिस्क काढून एका छोट्या वायरीनं नव्या लॅपटॉपला जोडून देतो आणि फोटो सरळ उतरतात. अलीकडच्या काही लॅपटॉपची डिस्क मात्र कुलूपबंद असते. तिची किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा असतो. तो आधीच काढून वहीत लिहून ठेवलेला बरा.

डिस्क कट-कट आवाज करत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करू नका. आणि चुकून काही पुसलं गेलं तर आम्ही केलं ते करू नका. मशीन तिथंच बंद करा आणि माहितगाराकडं न्या. जुन्या फिरत्या डिस्कवरनं पुसलेलं परत मिळायची आशा असते. नव्या एसएसडीवर ती फारच थोडी.

तिसरी प्रत नदीपासनं लांब

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं, त्यांचा जुना कॉम्प्युटर, नवा लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह एकाच कपाटात असते तर काय राहिलं असतं? जाणती माणसं सगळं बियाणं एका कणगीत ठेवत नसत. थोडं भावकीत, थोडं लेकीच्या सासरी ठेवत. फोटोंचा नियमही तोच आहे. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावात.

इंटरनेटवर ठेवणं हा एक मार्ग आहे. गुगलच्या खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात ईमेल आणि बाकीच्या फाइलीही येतात. पूर्वी तिथं थोडे लहान केलेले फोटो कितीही ठेवता येत, ती सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा संपली की पैसे भरावे लागतात. पैसे भरायचे नसतील तर एक हार्ड डिस्क घ्या, फोटो भरा आणि पाहुण्यांकडं ठेवा. वर्षातनं एकदा, दिवाळीला म्हणा, ती आणून उघडून बघा आणि नवीन फोटो त्यात घाला. बंद कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या डिस्कवरही विसंबू नये.

भंगारवाल्याला देण्याआधी

नवीन मशीनवर सगळं जुळलं, तरी जुन्यावरचं महिनाभर पुसू नका. काही राहिलं असेल तर महिन्याभरात कुणाला तरी आठवतंच. त्यानंतर मशीन विकायचं किंवा भंगारात घालायचं असेल तर आतलं साफ करून घ्या. त्यात घरच्या बायका-पोरांचे फोटो आहेत, आधार कार्डाच्या, सातबाऱ्याच्या, बँक पासबुकाच्या प्रती आहेत. नुसतं 'डिलीट' केलेलं पुन्हा काढता येतं. 'रीसेट'मध्ये जाऊन 'सगळं काढा' आणि त्यातही 'ड्राइव्ह साफ करा' हा पर्याय निवडा. मशीन बंद पडलेलं असेल तर हार्ड डिस्क काढून घरात ठेवा. बाकीचा डबा खुशाल द्या.

जाता जाता एक काम आणखी करा. फोटो नव्या मशीनवर आले की एका संध्याकाळी घरातल्या थोरल्या माणसांना शेजारी बसवा आणि फोटोतलं कोण कोण ते विचारून कप्प्याला नाव द्या. '२०१२ बेंदूर', '२०११ ताईचं लग्न'. आज ज्यांना ओळखू येतात ती माणसं उद्या सांगायला असतीलच असं नाही.

आता आमच्या वडिलांच्या फोटोचं. २०२२ च्या दिवाळीत जत तालुक्यात आत्याकडं गेलो होतो. बोलता बोलता फोटोचा विषय निघाला. आत्या उठली, ट्रंक उघडली आणि कापडात गुंडाळलेली एक सीडी हातात ठेवली. वडील गेल्यावर तिच्या मुलानं फोटो मोठा करून घ्यायला म्हणून आमच्याच कॉम्प्युटरवरनं २०१३ साली ती भरून नेली होती. पूर तिथं येत नाही, आणि आत्या काही टाकून देत नाही. सीडीत एकशे सहा फोटो निघाले. वडील होते, बैलं होती, फेटा होता.

आमचं नशीब, की आत्यानं ती सीडी जपली. तुम्ही नशिबावर सोडू नका. या रविवारी वही घ्या, जुनं मशीन लावा आणि मोजायला बसा.